ऑक्टाव्हिया आरएसची ताकद वाढवताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

स्कोडाने २०१७ मध्ये भारतात आणलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १९८४ सीसीचे, २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ईए८८८ या इंजिन-घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले हे इंजिन असून गोल्फ जीटीआय, ऑडी एस३ अशा परदेशात सर्रास दिसणाऱ्या गाड्यांतही त्याचीच भावंडे आहेत, त्यामुळे लंडन किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकांनाही पुढचे बहुतेक मुद्दे जसेच्या तसे लागू पडतील. गाडी घेतल्यावर वर्षभरात बहुतेकांच्या मनात तिला ३०० पीएसच्या पुढे नेण्याचा विचार येतोच. नेताही येते. मात्र कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, हे ट्यूनरच्या (इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या) जाहिरातीत लिहिलेले नसते. बहुतेक जण सुरुवात मॅपपासून, म्हणजे इंजिनच्या संगणकातील बदललेल्या सॉफ्टवेअरपासून, करतात, तर माझ्या मते मॅप चौथ्या क्रमांकावर यायला हवा.

कामाला लागण्यापूर्वी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रे: नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा पॉलिसी आणि तिच्या अटींची संपूर्ण प्रत, पीयूसी, आजवरच्या सर्व्हिसिंगची बिले (त्यात गिअरबॉक्स ऑइल कधी बदलले याचा स्पष्ट उल्लेख हवा), आणि इंजिनच्या संगणकातील मूळ फाइलची प्रत. ही शेवटची गोष्ट ट्यूनरकडून काम सुरू होण्याआधीच मागून घ्या, कारण गाडी विकताना किंवा मूळ स्थितीत परत आणताना तिच्यावाचून अडते.

अवजारे: गाडीचा संगणक वाचण्यासाठी व्हीसीडीएसची केबल किंवा ओबीडीइलेव्हन, लॅपटॉप, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), टॉर्क रेंच आणि जमल्यास बोअरस्कोप (आत डोकावणारा बारीक कॅमेरा). टॉर्क रेंच उसना आणला तरी चालेल; केबल मात्र स्वतःची असावी, कारण ती तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी लागणार आहे.

१. कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर सरळसरळ प्रदूषण-नियमांच्या विरोधात जाते. म्हणून या लेखातील चौथ्या पायरीपासून पुढचे सारे शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा बंदिस्त धावपट्टीवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे, असे समजूनच वाचावे. कोइंबतूरचा कारी ट्रॅक, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही त्यासाठीची ठिकाणे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अधिकृत स्पर्धेत उतरायचे असेल तर एफएमएससीआयचा (देशातील मोटर शर्यतींच्या महासंघाचा) स्पर्धक परवाना लागतो.

विमा कंपनीला बदल न कळवता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. वॉरंटीचेही तसेच. मूळ फाइल परत घातली की कोणाला काही कळत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका, कारण फोक्सवॅगन समूहाची सर्व्हिस यंत्रणा संगणकातील नोंदींवरून बदललेले सॉफ्टवेअर ओळखू शकते आणि तशी खूण गाडीच्या नोंदीत राहते.

२. इंजिनची तब्येत तपासा

ज्या इंजिनात आधीच एखादी खोट आहे, त्यावर वाढीव बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) चढवला की ती खोट लपून राहत नाही, आणि उघडी पडते ती महागात. म्हणून एक पैसाही सुट्या भागांवर खर्च करण्याआधी पुढील चार तपासण्या करून घ्याव्यात.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि इंधनपुरवठा बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून घ्यावी. चारही सिलिंडरचे आकडे परस्परांशी जुळणे महत्त्वाचे आहे. त्यांच्यात ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नये.

दुसरी तपासणी इनटेक व्हॉल्व्हची. आपल्याकडच्या या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, व्हॉल्व्हवरून वाहत जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचा जाड थर साचत जातो. बोअरस्कोप आत घालून पाहिल्यावर व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती काळी, खडबडीत पुटे दिसली, तर अक्रोडाच्या कवचांचा भुगा दाबाने मारून ती साफ करून घ्यावीत. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत ती असणारच असे धरून चाला. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण ते पेट्रोल त्या जागी पोहोचतच नाही.

तिसरी तपासणी धुराची, म्हणजे स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये दाबाने धूर सोडला की हवा कुठून निसटते ते दिसते. बऱ्याचदा तो इंटरकूलरच्या (टर्बोत तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपच्या जोडावरून येतो. क्लिप नीट बसलेली दिसते, पण आतला ओ-रिंग चपटा झालेला असतो. दहा मिनिटांचे आणि किरकोळ खर्चाचे हे काम टाळल्यामुळे लोक विनाकारण टर्बो बदलतात.

चौथी, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे घर. या पिढीच्या इंजिनात ते गळणे ही नित्याची बाब आहे. टाकीतले कूलंट महिन्याला थोडे थोडे कमी होत असेल तर आधी इथेच पाहावे.

३. पेट्रोल, ऑइल आणि प्लग

टर्बो इंजिनात ताकदीवर पहिली मर्यादा येते ती नॉकिंगची. मिश्रण ठिणगीच्या नियोजित ज्वालेआधीच, उष्णता आणि दाबामुळे आपोआप पेटू लागले की संगणक इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. जितके ऑक्टेन जास्त तितका हा धोका दूर. म्हणूनच मॅप ९१ ऑक्टेनसाठी लिहिला आहे, ९५ साठी की १०० साठी, हे ट्यूनरला लेखी विचारावे आणि नंतर त्याच दर्जाचे पेट्रोल कायम भरावे. शहरात एक्सपी१०० सारखे पेट्रोल मिळते, पण कोकणात किंवा मराठवाड्यात लांब गेलात तर ते मिळेलच असे नाही. त्यासाठी कमी ऑक्टेनचा दुसरा मॅपही करून घ्यावा. बहुतेक ट्यूनर तो वेगळे पैसे न घेता देतात, मात्र मागावा लागतो.

इथेनॉलबद्दल बराच गोंधळ आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो, हे खरे. पण त्यात ऊर्जा कमी असल्याने तेवढ्याच हवेसाठी निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२० (वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल) सात-आठ टक्के जास्त फवारावे लागते, म्हणजे इंधन पंप आणि इंजेक्टर आपल्या मर्यादेच्या तेवढे जवळ जातात. मूळ ताकदीवर हा फरक जाणवत नाही. ३५० पीएसच्या आसपास मात्र तोच निर्णायक ठरतो. कोणत्या पेट्रोलवर मॅप तपासला, हे ट्यूनरला सांगता आले पाहिजे.

ऑइलच्या डब्यावर फोक्सवॅगनची ५०२ ०० ही मान्यता आणि एपीआय एसपी हा दर्जा, दोन्ही पाहून घ्या. कमी आरपीएमवर जोरदार टॉर्क देणाऱ्या थेट-फवारणी इंजिनात अकाली स्फोटाचा जो धोका असतो, त्याची चाचणी एसपी दर्जात समाविष्ट आहे. या इंजिनात पावणेसहा लिटरच्या आसपास ऑइल बसते. कंपनीचे १५ हजार किलोमीटरचे अंतर विसरून ७ ते ८ हजारांवर ते बदलत जा.

मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, प्लग बसवावेत आणि फट ०.६५ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. बूस्ट वाढला की सिलिंडरमधील दाट मिश्रणातून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते, आणि फट मोठी असेल तर वरच्या आरपीएमवर इंजिन अडखळते. इरिडियम प्लगचे मधले टोक काडीसारखे नाजूक असते. फट कमी करताना बाहेरचा वाकडा दांडाच वाकवावा, गेज मध्ये घुसवून पिळू नये. नव्या खोक्यातला प्लग आयताच योग्य फटीचा असतो असे समजू नका, चारही मोजा.

४. पहिला मॅप

आता कुठे सॉफ्टवेअरची पाळी येते. चांगल्या पेट्रोलवर, एकही भाग न बदलता, पहिल्या टप्प्याचा मॅप साधारण ३०० पीएस आणि ४२० न्यूटन-मीटरच्या घरात नेतो. नवख्या माणसाने निवड करताना पीएसच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. टॉर्कची रेषा कशी आहे ते विचारावे.

यामागचे गणित सोपे आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन त्याला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा. उत्तर पीएसमध्ये येते. ४२० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमवर मिळाले तर २९९ पीएस होतात, तेच ३००० आरपीएमवर मिळाले तर १७९. पिस्टनवर आणि कनेक्टिंग रॉडवर प्रत्येक स्फोटाला पडणारा भार मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखाच असतो, किंबहुना खालच्या आरपीएमवर तो अधिक घातक असतो, कारण स्फोटाचा दाब जास्त वेळ टिकतो. जो मॅप २२०० आरपीएमवर पाठीत गुद्दा मारल्यासारखा खेचतो, तो मित्रांना फेरी मारून दाखवायला छान वाटतो, पण रॉड वाकवतो तोच. हळूहळू चढणारा आणि वर ६००० पर्यंत दम टिकवणारा मॅप कमी थरारक भासतो. पण घ्यावा तोच. मूळ रॉडवर ५०० न्यूटन-मीटर ही मी स्वतःसाठी आखून घेतलेली रेषा आहे. तिच्यापुढे जायचे असेल तर इंजिन उघडून फोर्ज्ड (घडीव, अधिक मजबूत) रॉड टाकण्याची तयारी ठेवावी.

ट्यूनर निवडताना तीन प्रश्न विचारा. मॅप लिहिल्यावर माझ्याच गाडीचा लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) तपासाल का? गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा वाढवणार आहात का? मूळ फाइल मला द्याल का? उत्तरे टाळणाऱ्याकडून उठून यावे, भले तो किती का स्वस्त असेना.

५. लॉग वाचायला शिका

या लेखातील सर्वांत मोलाचे काम हे आहे आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत. मॅप टाकल्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६५०० आरपीएमपर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटरवर खेचायची आणि तेवढ्या सेकंदांत सेन्सरचे आकडे नोंदवायचे. हे डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करा. तिसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत जाताना गाडी ताशी १०० किलोमीटरच्या बरीच पुढे जाते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना तेवढीच मर्यादा आहे.

नोंदवायच्या गोष्टी या: आरपीएम, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा), इंधनाचा उच्चदाब, आणि चारही सिलिंडरचे इग्निशन किती अंशांनी मागे घेतले गेले त्याचे आकडे. लॉग बघताना नजर प्रथम या शेवटच्या चार रकान्यांवर टाकावी.

समजा, ४२०० आरपीएमच्या ओळीत पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर दीड-दोन अंश मागे आहेत आणि तिसरा साडेपाच अंश. पेट्रोल तर चारही सिलिंडरना एकच मिळते आहे. मग दोष एकट्या तिसऱ्याचा, म्हणजे प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हवरची काजळी. तिसऱ्याची कॉइल आणि प्लग दुसऱ्याशी अदलाबदल करून पुन्हा लॉग घ्यावा. दोष दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला तर कारण हाती लागले. याउलट चारही एकसारखे पाच-सहा अंश मागे असतील तर पेट्रोलचा दर्जा किंवा हवेचे तापमान तपासावे. दोन-तीन अंशांची किरकोळ माघार अधूनमधून दिसणे स्वाभाविक आहे, त्यासाठी ट्यूनरला रात्री फोन करू नये.

बूस्टचे दोन रकाने एकमेकांना धरून चालले पाहिजेत. मिळालेला बूस्ट मागितलेल्यापेक्षा सतत कमी असेल तर पुन्हा धुराची चाचणी. इंधनाचा दाब वरच्या आरपीएमवर मागणीच्या खाली कोसळत असेल तर पंप पुरा पडत नाही. अशा वेळी बूस्ट कमी करणे हाच तात्पुरता उपाय. लॅम्डा मागणीपेक्षा वर जात असेल, म्हणजे मिश्रण पातळ होत असेल, तर अॅक्सिलरेटरवरून पाय लगेच काढा.

एक गोष्ट घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी. मॅपमधील बूस्ट निरपेक्ष दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, असतो. २३०० मिलिबारची मागणी मुंबईत बाहेरच्या १०१३ मिलिबारवरून भागवताना टर्बोला हवा २.२७ पट दाबावी लागते. पुण्यात, साधारण ९४८ मिलिबारवर, २.४३ पट, आणि महाबळेश्वरला २.६७ पट. गाडीत बसलेल्याला फरक कळत नाही, टर्बो मात्र प्रत्येक ठिकाणी अधिक वेगाने फिरत असतो आणि हवाही अधिक तापवत असतो. मुंबईच्या गाडीवर चालणारा मॅप पुण्याच्या गाडीत जसाच्या तसा टाकू नये.

६. उष्णता: इंटरकूलर आणि डाउनपाइप

या गाडीचा मूळ इंटरकूलर एक-दोन जोरदार खेचण्यांपुरता बरा आहे, पण एप्रिल-मेमध्ये सलग तिसऱ्या वेळी आत येणाऱ्या हवेचे तापमान साठीच्या पुढे गेलेले लॉगमध्ये दिसते आणि इग्निशन मागे यायला लागते. म्हणून पहिल्या टप्प्यानंतर पैसे खर्च करायचेच असतील तर ते मोठ्या इंटरकूलरवर करा. त्याने डायनोच्या पहिल्या फेरीत फारसा फरक पडत नाही, पाचव्या फेरीत पडतो.

डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप, त्यानंतर. टर्बोतून बाहेर पडणाऱ्या वायूंना मोकळी वाट मिळाली की टर्बो लवकर फिरतो आणि एक्झॉस्टचे तापमान उतरते. ट्रॅकच्या गाडीतही २०० सेलचा (दर चौरस इंचाला २०० छिद्रांचा) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेलाच पाइप घ्यावा. कॅट पूर्ण काढल्याने मिळणारी जादा ताकद नगण्य असते आणि गाडीत सतत पेट्रोलचा वास येत राहतो. शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, इंजिनचे रंगीत झाकण, आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, यांवर वेळ घालवू नये.

७. गिअरबॉक्स आणि ब्रेक

२३० पीएसच्या गाडीत सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) आहे. त्याची कारखान्याने ठरवलेली क्षमता पहिल्या मॅपच्या ४२० न्यूटन-मीटरपेक्षा कमीच आहे. इंजिनचा मॅप वाढवून गिअरबॉक्सचा तसाच ठेवला तर एक तर त्याचा संगणक टॉर्क अडवतो, किंवा क्लचवरचा दाब अपुरा पडून तो घसरतो. घसरणे कानाला कळते: आरपीएम झटकन वर जातो, पण गाडी तेवढी पुढे जात नाही. गिअरबॉक्सचा मॅप इंजिनच्या मॅपबरोबरच करून घ्यावा, आणि ६० हजार किलोमीटरचे ऑइल व फिल्टर ३० ते ४० हजारांवर बदलावे. डीएसजीत नेमके मान्यताप्राप्त ऑइलच घालावे. गॅरेजवाल्याने दाखवलेला 'त्याच दर्जाचा' दुसरा डबा नको.

ब्रेकबद्दल थोडक्यात. नवे पॅड, चांगले टायर आणि ताजे ब्रेक ऑइल हे मॅपच्या आधी. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा शोषायला त्याला वेळ लागत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी दरवर्षी पावसाळा संपला की ते बदलावे. एकूण अंदाजपत्रकाचा तिसरा हिस्सा या गोष्टींसाठी बाजूला काढूनच उरलेल्याचा हिशेब मांडा.

८. मोठा टर्बो

मूळ टर्बो आयएस२०. त्याच्या जागी ऑडी एस३ आणि गोल्फ आरवरचा आयएस३८ फारशी काटछाट न करता बसतो आणि चांगल्या पेट्रोलवर ३५० ते ३८० पीएसपर्यंत नेतो. खालचा टॉर्क थोडा उशिरा येतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे रॉडच्या दृष्टीने ते बरेच आहे. मात्र जुन्या बाजारातून आयएस३८ घेणार असाल तर सावध राहा. सुरुवातीच्या उत्पादनातील अनेक टर्बो निकामी झाले होते. शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. बाजूला किंचित हलणे चालते, पुढे-मागे हलता कामा नये, आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा घरावर घासल्याच्या खुणा नसाव्यात. बसवताना ऑइलची येणारी-जाणारी नळी, गॅस्केट आणि नट नवेच वापरावेत. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी इंधन तोडून स्टार्टरवर काही वेळ फिरवावे, म्हणजे ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

या टप्प्यावर इंजिनचा मॅप, गिअरबॉक्सचा मॅप, प्लग आणि लॉग हे सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आधीचा मॅप थोडाफार बदलून चालत नाही. डायनोचा कागद हाती आल्यावर त्यावरचा आकडा चाकांवरचा आहे की इंजिनचा, हवामानानुसार आकड्यात कोणती सुधारणा (करेक्शन) लावली आहे आणि खोलीचे तापमान किती होते, हे त्याच कागदावर ट्यूनरकडून लिहून घ्यावे. दोन वेगळ्या डायनोंच्या आकड्यांची तुलना करू नये. आधीची आणि नंतरची मोजणी एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच ऋतूत घ्यावी.

९. त्यानंतरची देखभाल

दर पाच हजार किलोमीटरला एक लॉग घेऊन तो तारीख आणि पेट्रोलच्या दर्जासह जपून ठेवावा. प्लग २० हजारांवर बदलावेत. थंड इंजिनवर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नये. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल गरम व्हायला आणखी काही मिनिटे लागतात, आणि ऑइलचे तापमान मल्टिफंक्शन डिस्प्लेवर पाहता येते. ते ८० अंशांच्या वर गेल्यावरच जोर लावा. सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढायची सवय असेल तर ती सोडा. अशा वेळी एक-दोन गिअर खाली या. ट्रॅकवरून पिटमध्ये परतताना शेवटची फेरी सावकाश मारा, म्हणजे तापलेल्या टर्बोतून ऑइल आणि कूलंट फिरत राहील, आणि गाडी उभी केल्यावर आणखी मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच ते बंद करा.